कोणी मरत नाही असा एखादा खेळ

आमच्या ग्रुपचं एक आहे. खेळ चालतो तीन तास आणि त्यावरचं बोलणं पुरतं तीन महिने! कोणता राजा होता, कोणती गुहा होती, आत काय शोधायला गेलो होतो, ते दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही. रिझवान काय बोलला आणि सर कुठे अडकले, तेवढं मात्र पक्कं लक्षात राहतं. असे किस्से इतके साठलेत की हल्ली नवीन माणसाला ग्रुपबद्दल सांगायला बसले की खेळ काय असतो तेच सांगायचं राहून जातं. म्हणून आधी ते सांगते.

याला रोल प्लेइंग गेम म्हणतात. टेबलाभोवती चार-पाच जण बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. "समोर नदी आहे, पूल तुटलाय, काय करता?" असं मी विचारणार. ते म्हणणार, "उडी मारतो." मग फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर पलीकडे, एक पडला तर पाण्यात. माझा नवरा म्हणतो, "म्हणजे भातुकली!" हो, भातुकलीच. चाळिशीतली.

गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे, त्यामुळे खेळ निवडायचं टेन्शनही माझ्याकडेच. मी जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रांचं काम बघते. त्याच यार्डात नीलेश भलेमोठे कंटेनर उचलायचं मशीन चालवतो. तो जासईचाच. रिझवान माझा शाळेतला वर्गमित्र, जुन्या पनवेलमध्ये त्याचं चष्म्याचं दुकान आहे. आणि देवधर सर म्हणजे आम्हा दोघांना शाळेत केमिस्ट्री शिकवलेले सर, आता रिटायर्ड. त्यांच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये आम्ही रविवारी दुपारी जमतो. काकू, म्हणजे सरांची बायको, खेळत नाहीत. त्या स्वयंपाकघरातून सगळं ऐकतात आणि मध्येच मत देतात.

*

सुरुवातीला आम्ही एकच मोठी गोष्ट अनेक रविवार खेळायचो. एका राजकन्येला बुरुजात कोंडलंय, तिला सोडवायचं. पण नीलेशची शिफ्ट बदलायची, रिझवानच्या दुकानात गर्दी असायची, सर मुलीकडे पुण्याला जायचे. चार-चार महिने बैठक नाही! मग बसलं की पहिला तास "मागे काय झालं होतं?" यातच जायचा.

एकदा असेच पाच महिन्यांनी बसलो. मी मोठ्या तयारीने आवाज खोल केला आणि म्हणाले, "तुम्ही बुरुजाच्या दाराशी उभे आहात. आत राजकन्या तुमची वाट बघतेय..."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अजून? तिला दोन मुलं झाली असतील एव्हाना!"

त्या दिवशी ठरलं. यापुढे एका बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपणारा खेळ. वनशॉट! तीन ते साडेसहा, गोष्ट खलास.

*

वनशॉट म्हणजे सोपं काम, असं मला वाटलं होतं. पहिल्याच वेळी मी नेटवरून असा खेळ निवडला की ज्याचे रिव्ह्यू सगळ्यात भारी होते. त्यात प्रत्येकाने आधी आपलं पात्र तयार करायचं. त्याची ताकद किती, बुद्धी किती, आजोबा कोण, लहानपणी कोणता अपघात झाला, उजव्या खिशात काय, डाव्या खिशात काय. प्रत्येक गोष्टीला एक तक्ता, आणि प्रत्येक तक्त्याला तीन फासे.

चार वाजले. पाच वाजले.  मुख्य गोष्ट तीन पानांची होती आणि आमची अजून आजोबांवर गाडी अडकलेली. सर प्रत्येक नियम दोनदा वाचायचे. "मंजिरी, इथे 'साधारण उंची' म्हटलंय. साधारण म्हणजे किती?"

सव्वासहाला तिन्ही पात्रं तयार झाली. मी घाईघाईने म्हणाले, "तर तुम्ही सगळे एका सरायमध्ये भेटता..." आणि नीलेश उठला. त्याची शिफ्ट होती.

रिझवानने आपल्या पात्राच्या कागदाकडे बघत मोठा उसासा टाकला. "या अल्लाह! मंजू, माणूस खरोखर पैदा व्हायला एवढे फॉर्म भरावे लागत नाहीत!"

*

दुसऱ्या वेळी मी धडा घेतला. पात्रं घरूनच तयार करून नेली आणि खुनाची गोष्ट निवडली. शेठजींचा बंगल्यात खून झालाय, पाच संशयित, अकरा पुरावे. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत बसून लिहिलं होतं. साडेतीन तास पुरेल का, या काळजीने दोन पुरावे जास्तीचे घातले.

मी वर्णन केलं. बंगला, बाग, फुटलेलं घड्याळ. "बोला, सुरुवात कुठून करता?"

नीलेश म्हणाला, "गेटवर वॉचमन हाय का?"

"आहे," मी म्हणाले. बंगला म्हटला की वॉचमन आलाच.

"मंग रजिस्टर असंल. काढा. शेवटचा आत कोन आला आनि भायेर कवा गेला?"

मी गडबडले. रजिस्टरचा मी विचारच केला नव्हता! यार्डात दिवसभर तेच काम करते, आणि घरी बसून लिहिताना डोक्यातून गेलं. सगळे माझ्याकडे बघतायत. घाबरून मी खरं तेच बोलून गेले. "पुतण्या... आला चारला, गेला साडेचारला."

"खून कवा झाला?"

"सव्वाचारला."

आमच्या भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सर शांतपणे म्हणाले, "उरलेल्या वेळात आपण त्याचं मतपरिवर्तन करूया का?"

*

रिझवानच्या एका मित्राचं नेऱ्याला फार्महाऊस आहे. एकदा रविवारी तिकडे जमलो. त्या वेळी मी जो खेळ निवडला होता त्यात बोलायला बंदी! एका शापित घरातली माणसं, तोंडातून शब्द फुटला की बाद. सगळं खुणांनी आणि चिठ्ठ्यांनी खेळायचं. मला धाकधूक की आमच्यासारख्या बडबड्यांना हे जमेल का. पण जमलं! ओसरीवर चटई टाकून आम्ही चौघं माना खाली घालून बसलो, चिडीचूप. अर्धा तास झाला तरी कोणी हूं की चूं नाही.

फार्महाऊस सांभाळणारं एक कुटुंब मागेच राहायचं. त्यातली सोनीबाई पाण्याचा हंडा घेऊन आली. आम्हाला असं बसलेलं बघून दारातच थबकली. हंडा हळूच खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि आमच्या शेजारी येऊन जमिनीवर बसली. पाच मिनिटं तीही गप्प.  बोलावं तर खेळ मोडतो, आणि न बोलावं तर ही काय समजतेय ते दिसत होतं.

शेवटी तिने हलकेच विचारलं, "कोन गेलं वो?"

कोणी उत्तर देईना. आणि देवधर सर! नियम म्हणजे नियम! त्यांचं पात्र दोन मिनिटांपूर्वीच विहिरीत पडून मेलं होतं. सरांनी गंभीर चेहऱ्याने हात वर केला आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

सोनीबाईने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मंग तुमी च्या नाय घेनार?"

खेळ तिथेच मोडला. सगळ्यात जास्त हसली ती सोनीबाईच. चहा सरांनीही घेतला.

*

आता जरा वेगळं सांगते.

एक दिवस यार्डात जेवताना नीलेशने शर्टाची कॉलर बाजूला केली. मानेला उजवीकडे गाठ होती, सुपारीपेक्षा मोठी. "दोन महिनं झालं," म्हणाला. "दुखत नाय, म्हनून लक्ष नाय दिलं." त्याच्या बायकोने जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. ते म्हणाले होते, टीबीची असेल तर सहा-आठ महिने गोळ्या, बरी होईल. किंवा...

'किंवा'च्या पुढचा शब्द नीलेशने उच्चारला नाही. मीही विचारला नाही. डबा तसाच बंद केला.

रिपोर्ट मंगळवारी येणार होता. मी म्हणाले, रविवारचं रद्द करूया. तर तो चिडला. "नाय मॅडम, रविवारी खेळायचंच! घरात बसलो तर बायको नुसती तोंडाकडं बघत बसते."

झालं! आता खेळ निवडायचा होता.

माझ्याकडे एका बैठकीचे नऊ खेळ होते. घरी जाऊन सगळे पलंगावर मांडले आणि पहिल्यांदाच मला दिसलं की जवळजवळ प्रत्येकात कोणीतरी मरतं! एकात साथीचा रोग. एकात विषप्रयोग. परीकथेचा म्हणून घेतलेला होता, त्यात पान सहावर आजी जाते. एकात तर गावातल्या लोकांच्या मानेवर खुणा उमटतात. तो मी कपाटाच्या मागे टाकला. नीलेशच्या हाताला चुकूनही लागायला नको.

दुसऱ्या दिवशी रिझवानच्या दुकानात गेले. तो एका आजोबांना चष्मा लावून बघत होता. मी काउंटरवर उरलेले खेळ ठेवले आणि म्हणाले, "ज्यात कोणी मरत नाही असा एखादा काढून दे."

त्याने एकेक बघितला.  मग सगळ्यात तळाचा उचलला. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकाची स्पर्धा!

"हाच घे," तो म्हणाला. "यात जास्तीत जास्त डाळ जळेल."

आजोबा नव्या चष्म्यातून आमच्याकडे बघत होते. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे!

*

नियम तपासायचं काम सरांनी स्वतःहून मागून घेतलं. शुक्रवारी ऑफिसात त्यांचा फोन. आवाज इतका दबका की मला वाटलं काहीतरी भयंकर झालंय.

"मंजिरी, पान चौदावर सुरी आहे."

"सर, स्वयंपाकघर आहे ते. सुरी असणारच."

"आणि पात्राच्या कागदावर 'प्राण: दहा' असं छापलंय. फासा चुकला की एकेक प्राण कमी करायचा. हे त्याच्या हातात कसं द्यायचं?"

 हे मी बघितलंच नव्हतं.

"काळजी करू नकोस," सर म्हणाले. "मी करतो बरोबर."

त्यांनी दोन दिवस बसून, पांढऱ्या शाईने, प्रत्येक कागदावरचा 'प्राण' हा शब्द खोडला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात 'उत्साह' लिहिलं. नियमांच्या पुस्तकातही, जिथे जिथे प्राण तिथे तिथे उत्साह. केमिस्ट्रीच्या पेपरच्या पुरवण्या तपासाव्यात तसं काम! रविवारी सगळे यायच्या आधी त्यांनी ते पुस्तक मोठ्या अभिमानाने माझ्या हातात दिलं.

मी उघडलं. पान दोन, पहिलीच ओळ. 'उत्साह संपताच पात्र जागीच मरते.'

*

नीलेश आला तोच हसत. गळ्याभोवती रुमाल बांधला होता. कोणी तिकडे बघितलं नाही. इतकं न बघणं म्हणजे बघण्यापेक्षा वाईट, हे मला तेव्हाही कळत होतं, पण दुसरं काय करणार?

खेळ सुरू झाला. नीलेश राजाचा मुख्य आचारी. त्याने फासा टाकला. तीन. "वा!" मी म्हणाले, "रस्सा मस्त जमला!" पुन्हा टाकला. दोन. "राजा खूश झाला!" रिझवान टाळ्या वाजवतोय, सर मान डोलावतायत. काकूंनी आतून "शाब्बास!" म्हटलं. त्या कधी शाब्बास म्हणत नाहीत.

मग त्याने तिसऱ्यांदा फासा टाकला. एक.

"अप्रतिम!" मी म्हणाले.

नीलेशने फासा उचलला, माझ्यासमोर धरला आणि त्यावरच्या एकुलत्या एका टिंबावर बोट ठेवलं. "मॅडम, एक पडलाय. डाळ जळली पायजे."

रिझवानच्या टाळ्या थांबल्या.

"सगळीकडं हेच चाललंय," तो म्हणाला. "बायको हसून बोलते. आई देवाला जाते आनि सांगते, बाजारात गेलते. मला म्हाईत हाय ना, कॅन्सर असू शकतो! तुमी तरी नीट खेळा की."

मी फासा त्याच्या हातातून घेतला आणि खाली ठेवून दिला. सर चष्मा काढून पुसत बसले.

नीलेश उठला. माझ्या पिशवीत बाकीचे खेळ होते, कपाटामागचा सोडून. एकेक काढून तो पहिलं पान वाचत होता. एक बारीकसा काढून टेबलावर ठेवला. वादळात सापडलेल्या मच्छीमार बोटीचा. पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं: या बोटीवरचं कोणीही वाचत नाही. तोवर काय करायचं, तेवढं खेळा.

"नीलेश, खुदा के वास्ते!" रिझवान म्हणाला.

"का रं? याच्यात शेवट आधीच सांगितलाय. मंग टेन्शन कसलं?"

आणि आम्ही तो खेळलो. नीलेश तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. त्याच्या दोन्ही बाजूंना समुद्र असल्यासारखा बसला. एक पडला की मी डोळ्यात डोळे घालून सांगत होते, "दोर तुटला. रिझवान गेला." रिझवान सगळ्यात आधी बुडाला आणि खुर्चीत बसूनच त्याने गळ्यातला मफलर काढून टेबलावर ठेवला. सर बुडेपर्यंत बोटीतलं पाणी उपसत राहिले, प्रत्येक बादली मोजत. "बेचाळीस... त्रेचाळीस..." हसू येत होतं, आणि मीही मनात आकडे मोजत होते. इतकं खरं आम्ही कधी खेळलो नव्हतो.

शेवटी नीलेश एकटा उरला. मी विचारलं, "तांडेल, काय करता?"

तो म्हणाला, "दिवा लावून धरतो. मागून कोनची बोट येत असंल तर तिला दिसंल, इकडं खडक हाय."

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. हाताला पीठ. "मी बंदरावर आहे," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "काकू, तुम्ही खेळात नाही."

"आता आहे. मला त्याचा दिवा दिसला. मी होडी घेऊन निघाले."

सरांनी पुस्तक उचललं. "अगं, नियम स्पष्ट आहे. बोटीवरचं कोणीही..."

"मी तुमच्या बोटीवर आहे का?" काकूंनी विचारलं. "मग माझ्या होडीला तुमचे नियम कशाला? फासा द्या इकडे."

मी फासा दिला. काकूंनी पिठाच्या हाताने टाकला. तो टेबलावरून घरंगळत सोफ्याखाली गेला.

रिझवान वाकून बघायला लागला, तर नीलेश म्हणाला, "असू दे. नको बगू."

सोफा आम्ही तसाच ठेवला. सगळ्यांनी गरम भाकरी आणि पिठलं खाल्लं. जाताना नीलेशने बोटीचा कागद घडी करून खिशात घातला.

*

मंगळवार.

मी नऊपासून फोन टेबलावर उलटा ठेवून बसले होते. सुलटा ठेवला की दर मिनिटाला बघत होते. नीलेशने सुट्टी घेतली होती. दहाला रिपोर्ट मिळणार होता. साडेदहा झाले, अकरा झाले. रिझवानचा मेसेज: काही कळलं? सरांचा मेसेज: काही कळलं का? मी दोघांना तेच उत्तर पाठवलं. नाही. एका बिलावर मी कंटेनरचा नंबर उलटा लिहिला, खोडला, पुन्हा उलटाच लिहिला. त्याला फोन करायचा धीर होत नव्हता. चांगली बातमी असती तर त्याने केला नसता का?

सव्वाअकराला दार उघडलं. नीलेश! इस्त्रीचा पांढरा शर्ट. डोळे लाल, रडून झाल्यासारखे. मी उभीच राहिले. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. त्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता आणि तो त्याला काही केल्या उघडता येत नव्हता.

आमच्या साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते केबिनमधून बाहेर आले, बॉक्स स्वतःच उघडला, एक पेढा उचलून तोंडात टाकला आणि नीलेशच्या पाठीवर थाप मारली.

"अरे वा! मुलगा का मुलगी?"

"टीबी, साहेब!" नीलेश म्हणाला. "टीबी झाला!"

साहेबांच्या तोंडात पेढा होता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नीलेशकडे बघितलं, आणि सवयीने हात पुढे केला.

"अभिनंदन!"